कम्पायलर पोर्ट करायला घेताय? आधी ‘लाँग’ मोजा

कम्पायलर (सोर्स कोडचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम) नव्या सिस्टिमवर चालता करायचा, म्हणजे पोर्ट करायचा असेल, तर पहिल्याच दिवशी तिथे सोर्स उतरवून ‘मेक’ ही बिल्ड कमांड चालवू नका. कम्पायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेल, तर तिथे त्याला बिल्ड करणारं कोणी नाहीच. जुन्या मशीनवरच क्रॉस-कम्पाइल करा, म्हणजे नव्या सिस्टिमसाठीची बायनरी तिथेच बनवा, आणि ती तयार बायनरी तिकडे न्या.

प्रोसेसर तोच आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खरा घोळ तिथेच होतो. ६४ बिट लिनक्सवर सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांक प्रकार ८ बाइटचा, विंडोजवर ४ बाइटचा. ‘लाँग’मध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतला ६४ बिटांचा पत्ता, ठेवणारी एखादी जुनी ओळ असली की विंडोजवर वरचे ३२ बिट गुपचूप कापले जातात. फंक्शन कॉलचंही तसंच. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर) लिनक्सवर पूर्णांक आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमती, प्रोसेसरमधल्या सहा रजिस्टरांतून जातात, विंडोजवर चारच. शिवाय विंडोजवर कॉल करणाऱ्याने स्टॅकवर (फंक्शन कॉलसाठीच्या मेमरीत) ३२ बाइट राखून ठेवायचे. ही जागा मी एकदा विसरलो होतो. छोटे प्रोग्राम सुरळीत चालायचे, मोठ्यात मात्र भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलायची. दोन रात्री त्यात गेल्या. म्हणून सात आर्ग्युमेंट्सचं एक सी फंक्शन लिहा, मधे दोन ‘डबल’ (अपूर्णांक ठेवणारा प्रकार) घाला, तुमच्या भाषेतून ते कॉल करा आणि सगळ्या किमती छापून बघा. बाकी टेस्ट नंतर.

फाइल पाथ, ओळीचा शेवट वगैरे कामं किरकोळ आहेत, होतात.

मग कम्पायलरला स्वतःलाच कम्पाइल करू द्या, आणि त्यातून निघालेल्याला पुन्हा एकदा. दोन्ही वेळचं आउटपुट सारखंच यायला हवं. जीसीसी या सी कम्पायलरच्या बिल्डमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइल्स अशाच ताडून पाहतात. फरक दिसला तर आधी टाइमस्टॅम्प तपासा. फरक त्याचा नसेल, तर कोड जनरेटर (कम्पायलरचा मशीन कोड लिहिणारा भाग) उघडा.