उठला, चहा प्यायला, आणि गेला कसा?

प्रश्न : माझा धाकटा दीर नवले पुलाच्या उतारावर स्कूटरवरून घसरला. स्वतःच उठला, घरी येऊन चहा प्यायला. 'डोकं जड झालंय' म्हणून आडवा झाला. दोन तासांनी हाक मारली तर ओ देईना. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं. अंगावर नुसतं खरचटलेलं, कुठे खोक नाही. अहवालात मात्र 'डोक्याच्या दुखापतीने मृत्यू'. हे कसं? त्याला झोपू दिलं हे आमचं चुकलं का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, शेवटचं आधी. अपघातानंतर चालता-बोलता माणूस घरी आला की कोणालाही हायसंच वाटतं. तुम्हीही तेच केलंत. मी शवागारात तीस वर्षं काढली. बाहेरून धड आणि आतून मोडलेली माणसं तिथे नेहमीची.

तुम्ही सांगता त्या क्रमावरून बहुधा असं झालं. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि रक्त हाड व मेंदूच्या आवरणामध्ये साचू लागतं. सुरुवातीला मेंदू ते सोसतो, म्हणून माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. मग डोकं दुखतं, उलटी होते, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. रक्तदानात साडेतीनशे मिलिलिटर देऊन आपण बिस्किट खात घरी येतो. कवटीत त्याच्या निम्मं साचलं तरी खाली श्वासाचं केंद्र दाबलं जातं, कारण कवटी फुगत नाही. वेळेत सीटी स्कॅन होऊन रक्त काढलं तर अशी माणसं वाचतातही.

पोटाचंही असंच. हँडल पोटात घुसून प्लीहा फाटते, वर वळसुद्धा दिसत नाही. मांडीचं हाड मोडलं तर लिटरभर रक्त मांडीतच मुरतं.

हेल्मेटबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. आपल्या पुण्यात त्याच्याविरुद्ध मोर्चे निघालेत. पट्टा न लावलेलं हेल्मेट मात्र डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं, एवढं सांगतो.

पोलिसांकडून अहवालाची पूर्ण प्रत घ्या. त्यात कवटीच्या आतल्या तपासणीचा रकाना असतो. तिथे 'एक्स्ट्राड्युरल' (म्हणजे वर सांगितलेलं, हाड आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचलेलं रक्त) शब्द आहे का पाहा आणि मला कळवा.