वाचून झालं की जाळून टाक

विचारा ना जी!
वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त दिवाणी वकिलाची

प्रश्न : माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो म्हणाला, अमेरिकेत महाभियोग लागलेला पहिला माणूस राष्ट्राध्यक्षही नव्हता आणि न्यायाधीशही नव्हता, टेनेसीचा एक सिनेटर होता. मी म्हटलं, फेकू नकोस. आमच्यात तर्री-पोह्यांची पैज लागली आहे. कोण जिंकलं? आणि त्या सिनेटरनं केलं तरी काय?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : पोहे तुमच्याकडे लागले. भाच्याला तर्री जास्त घालून द्या, पोरगं नीट वाचतंय.

त्या सिनेटरचं नाव विल्यम ब्लंट. इंग्रजी अक्षरं पाहून आपण ब्लाउंट वाचतो, तिकडचे लोक ब्लंटच म्हणतात. जन्म १७४९ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या खात्यापित्या घरातला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो सैन्याचे पगार वाटणारा अधिकारी होता, म्हणजे लढाई कमी आणि हिशेब जास्त. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली, त्या सभेतही तो होता. शेवटच्या दिवशी सही करायला काचकूच करत होता. मग म्हणाला, राज्यांनी हा मसुदा एकमतानं मंजूर केला एवढ्याच गोष्टीची साक्ष म्हणून सही करतो. मी चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली. खरेदीखतावरचा असा साक्षीदार मी शंभरदा तपासला असेल : "मजकुराचं मले काही ठाऊक नाही जी, सह्या करताना फक्त पाह्यलं."

पण माणूस ओळखायचा असेल तर घटना बाजूला ठेवा आणि जमिनीचे कागद काढा.

१७८३ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं डोंगरापलीकडची, म्हणजे आजच्या टेनेसीतली, जमीन विक्रीला काढली. भाव १०० एकरांना १० पौंड. त्यातली बरीच जमीन चेरोकी आणि चिकसॉ या मूळ रहिवाशांची होती, पण त्यांना विचारतो कोण! सात महिन्यांत सुमारे ४० लाख एकरांवर लोकांनी हक्क नोंदवले. ब्लंट तेव्हा त्याच विधिमंडळात होता. कायदा करणारे आणि जमीन उचलणारे तेच. सैनिकांना नोकरीबद्दल मिळालेले जमिनीचे हक्कही तो स्वस्तात घ्यायचा. त्याच्या भावांसह त्याच्या नावावर लाखो एकर जमली, बहुतेक उधारीवर.

१७९० मध्ये वॉशिंग्टननं या डोंगरापलीकडच्या मुलखाचा गव्हर्नर म्हणून त्याला नेमलं. मूळ रहिवाशांशी बोलणी करायचं कामही त्याच्याकडेच दिलं. त्या सुमारास त्यानं भावाला लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की पश्चिमेकडच्या जमिनी सांभाळायला मला तिकडे जाणं भागच होतं, आणि मी तिथे असल्यानं भावही चढेल. राजे हो, सातबारा एकाच्या हातात, मोजणी त्याच्याच हातात आणि खरेदीदारही तोच! १७९१ च्या हॉल्स्टन तहात चेरोकींकडून मोठा पट्टा घेतला आणि बदल्यात वर्षाला १००० डॉलर ठरले. चेरोकींनी त्याला नाव ठेवलं होतं, त्याचं मराठी करायचं तर 'मातीचा सरदार'. एवढ्या नेमक्या शब्दांत मला कोणाची तक्रार कधी मांडता आली नाही.

मुलूख भरत गेला. १७९५ च्या शिरगणतीत ७७,२६२ लोक निघाले. राज्य व्हायला ६०,००० पुरत होते. १ जून १७९६ ला टेनेसी हे सोळावं राज्य झालं आणि ब्लंट त्याचा सिनेटर.

आणि नेमके तेव्हाच जमिनीचे भाव कोसळले. उधारीवर घेतलेली जमीन, डोक्यावर देणेकरी. त्यात अफवा अशी की मिसिसिपीच्या तोंडावरचा लुइझियाना प्रांत स्पेन फ्रान्सला देऊन टाकणार. टेनेसीचा माल नदीनं न्यू ऑर्लिन्सला उतरायचा. फ्रेंचांनी ती वाट अडवली तर माल कुठे न्यायचा, आणि माल निघत नसेल तर जमीन कोण घेणार? ब्लंटनं उपाय काढला. सरहद्दीवरचे गोरे, क्रीक आणि चेरोकी यांची फौज करायची, इंग्रजांचं आरमार मदतीला घ्यायचं, फ्लोरिडा आणि लुइझियाना स्पेनकडून हिसकवायचे आणि इंग्रजांच्या झेंड्याखाली न्यायचे. ज्या इंग्रजांशी लढून देश झाला, त्यांच्याच झेंड्याखाली. आणि हा त्याच देशाचा सिनेटर!

२१ एप्रिल १७९७ ला त्यानं जेम्स केरी नावाच्या दुभाष्याला पत्र लिहिलं. केरी सरकारी पगारावर चेरोकींमध्ये काम करायचा. कटात आपण पुढे असू, इंग्रजांच्या बाजूनं बहुधा सर्वांत पुढे, हे ब्लंटनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. शेवटी सूचना, की हे पत्र तीनदा वाच आणि मग जाळून टाक. लगेच खाली, मी जुलै-ऑगस्टमध्ये नॉक्सव्हिलला (हे टेनेसीतलं त्याचं गाव) येईन तेव्हा वॉट्सला (हा चेरोकींचा एक सरदार) कबूल केलेली व्हिस्की देईन.

मी पक्षकारांना नेहमी सांगायचो, जे जाळावं लागेल ते लिहूच नका. केरीनं ते जाळलं नाही. पत्र एका हातातून दुसऱ्या हातात जात तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाला, राष्ट्राध्यक्ष ॲडम्सच्या टेबलावर पोहोचलं. ३ जुलैला ते सिनेटमध्ये वाचलं गेलं. ब्लंट तेवढ्यात बाहेर गेला होता. परत आला तर आपलंच पत्र कानावर पडलं. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन होते. त्यांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलं का? ब्लंटनं वेळ मागितला. ७ जुलैला खालच्या सभागृहानं महाभियोग ठरवला, ८ तारखेला सिनेटनं २५ विरुद्ध १ मतांनी त्याला काढून टाकलं. सिनेटनं घालवलेला तो पहिला सदस्य. त्यानंतर थेट १८६१ मध्ये, यादवी युद्धात, दक्षिणेकडच्यांवर ही वेळ आली.

प्रश्न : आमचे सर सांगतात, अमेरिकेत खासदारावर महाभियोग चालतच नाही. मग हा कसा चालला?
— एक विधी विद्यार्थिनी, रविनगर

उत्तर : सर बरोबर आहेत, आणि ते बरोबर आहेत ते ब्लंटमुळेच.

सिनेटनं त्याला काढून टाकलं तरी महाभियोग उभाच होता. खटला डिसेंबर १७९८ मध्ये सिनेटपुढे आला. आरोपी हजर नाही, त्याचे वकील हजर. त्यांनी पत्राबद्दल वाद घालण्यात ताकद घालवलीच नाही. सरळ अधिकारक्षेत्राला हात घातला : घटनेत महाभियोग 'मुलकी अधिकाऱ्यां'साठी आहे, सिनेटर हा अधिकारी नव्हे, आणि आता तर हा सिनेटरही नाही. ११ जानेवारी १७९९ ला सिनेटनं १४ विरुद्ध ११ मतांनी हे मान्य केलं आणि १४ तारखेला खटला निकालात निघाला. तेव्हापासून आजवर तिथल्या एकाही खासदारावर महाभियोग लागलेला नाही. बाई, प्राथमिक मुद्द्याला कमी लेखू नका. माझी निम्मी वकिली त्यावरच चालली.

जाता जाता. महाभियोग चालवायला सदस्य निवडण्याचं मतदान सुरू असतानाच, ३० जानेवारी १७९८ ला, व्हर्माँटचे खासदार लायन कनेक्टिकटचे खासदार ग्रिसवोल्ड यांच्या तोंडावर थुंकले. दोन आठवड्यांनी ग्रिसवोल्डनं सभागृहातच त्यांना काठीनं बदडलं आणि लायननं शेकोटीचा चिमटा उचलला. आपल्या हिवाळी अधिवेशनात सीताबर्डीची वाहतूक अडते म्हणून आपण बोंब मारतो.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक उत्तरात नागपूर ओढून आणता. या अमेरिकन भानगडीत आणून दाखवा.
— एक जुना वाचक, महाल

उत्तर : आव्हान स्वीकारलं.

महाभियोग ही कल्पना अमेरिकनांनी इंग्लंडकडून घेतली, आणि त्या वेळी इंग्लंडात गाजत होतं वॉरन हेस्टिंग्जचं प्रकरण. ८ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियाच्या घटनासभेत जॉर्ज मेसन म्हणाले, हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप नाही, म्हणून महाभियोगाची कारणं देशद्रोह आणि लाचेपुरती ठेवू नका. ब्लंट त्याच सभेचा सभासद. आता हा हेस्टिंग्ज कोण? तुमच्या महालातल्या वाड्यांत राहणाऱ्या भोसल्यांना बंगालवर येऊ नये म्हणून लाखो रुपये मोजणारा गव्हर्नर जनरल. मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकपर्यंत जाऊन बसला होता. पैसा मिळाला, फौज पुढे गेली नाही.

आणखी एक घ्या. ब्लंट ज्या लुइझियानासाठी बुडाला, तो अमेरिकेनं १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला सरळ विकत घेतला. न्यू ऑर्लिन्सचा ताबा मिळाला २० डिसेंबर १८०३ ला. त्याच्या तीनच दिवस आधी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गमावलं. झालं समाधान?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं की हा ब्लंट देशद्रोहाच्या आरोपानंतरही निवडून आला. पत्र त्याच्याच अक्षरातलं, मग लोकांना लाज कशी वाटली नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, धंतोली

उत्तर : बाई, या प्रश्नासाठी मी अंकभर थांबलो होतो.

जामीन सोडून ब्लंट नॉक्सव्हिलला पळाला. त्याच्यामागे सिनेटनं आपला अधिकारी पाठवला, जेम्स मॅथर्स. गोष्ट अशी सांगतात की ब्लंटनं त्याला घरी बोलावलं, पाहुणचार केला. पाहुणचार आटोपल्यावर मॅथर्स म्हणाला, आता चला. ब्लंट म्हणाला, नाही येत. मॅथर्सनं गावकऱ्यांना हाक दिली, याला धरून न्यायला मदत करा. एकही पुढे आला नाही. उलट गावातले काही लोक त्याला गावाबाहेर सोडायला गेले, अदबीनं निरोप दिला आणि सांगितलं, ब्लंट काही मिळणार नाही. १७९८ मध्ये लोकांनी त्याला राज्याच्या सिनेटवर निवडलं आणि तिथे तो सभापती झाला. त्याच्या नावाचा जिल्हा टेनेसीत आजही आहे. बायको मेरी, तिच्या माहेरचं नाव ग्रेंजर, त्या नावाचाही जिल्हा आहे. १८०० च्या मार्चमध्ये तो वारला, पन्नाशी ओलांडून. नऊ वर्षांनी त्याचा सावत्र भाऊ वायली टेनेसीचा गव्हर्नर झाला.

लाज न वाटण्याचं कारण मला पुस्तकात सापडलं नाही, वर्धा रोडला सापडलं.

विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हा मीही दोन प्लॉट घेतले. वकील असून. मौजाचं नाव सांगत नाही, ले-आऊट टाकणाऱ्याचंही नाही. तो रविवारी लोकांना गाडीत बसवून न्यायचा, चुन्याच्या रेषा दाखवायचा, इथे बगीचा, इथे शाळा, तिकडून रिंग रोड. इसारचिठ्ठी तिथेच बॉनेटवर व्हायची. मला आखीव पत्रिका पाहायची सवय, पण त्या दिवशी मी फक्त रेषा पाहिल्या. पुढे कळलं की जागा अजून शेतीचीच होती आणि काही प्लॉट दोघादोघांना विकले होते. तक्रार झाली, पोलीस आले.

आम्ही प्लॉटधारकांची मीटिंग भरवली. ऐंशीएक लोक, त्यात निवृत्त मास्तर, कारकून, एक डॉक्टर. मला वाटलं होतं लोक त्याला फाडून खातील. पहिलाच माणूस उठून म्हणाला, "हा आत गेला तर आपल्या प्लॉटले विचारीन कोण?" ठराव एकमतानं झाला की माणसाला वेळ द्यावा, बोंब करू नये, बोंब झाली की भाव पडतो. दोनदा विकलेल्या प्लॉटवाले तेवढे ओरडत होते, त्यांना आम्ही चहा देऊन बसवलं.

नॉक्सव्हिलच्या माणसाजवळ जमिनीशिवाय काय होतं? नदी बंद झाली तर त्याचीही जमीन पडणार होती. फिलाडेल्फियाला जो देशद्रोही दिसला तो त्याला आपल्या जमिनीच्या भावासाठी धडपडणारा माणूस दिसला. ज्यांची जमीन गेली होती त्या चेरोकींना मत नव्हतं. आणि १७९५ च्या त्या शिरगणतीतले १०,६१३ लोक गुलाम होते, त्यांनाही कोणी विचारलं नाही.

नॉक्सव्हिलमधलं त्याचं १७९२ चं लाकडी घर आजही जपून ठेवलं आहे. आजूबाजूला ओंडक्यांची खोपटं आणि याच्या घराला काचेच्या खिडक्या. चेरोकी त्याला 'खूप डोळ्यांचं घर' म्हणत, असं सांगतात.

आमच्या ले-आऊटमध्ये घरं अजून मोजकीच आहेत. मारुतीचं देऊळ मात्र झालं. देणगीदारांच्या पाटीवर सगळ्यात वर त्याच माणसाचं नाव आहे. खाली, रंग उडालेल्या ओळीत, माझंही आहे. ५०१ रुपये.