महसूलमंत्र्यांनी ‘जैसे थे’ दिलं, आता आजोबांची कुळाची जमीन जाणार का?

प्रश्न: पश्चिम महाराष्ट्रात आमची शेती आहे. आजोबा कूळ होते. ३२म चं (कूळ कायद्याखाली जमीन खरेदी केल्याचं) प्रमाणपत्र १९७४ चं आहे आणि तेव्हापासून सातबाऱ्याला आमचंच नाव आहे. मूळ मालकाच्या वारसांनी काही वर्षांपूर्वी त्या जुन्या फेरफारावर (सातबाऱ्याला आमचं नाव लावणाऱ्या नोंदीवर) अपील केलं. १ एप्रिल १९५७ रोजी मालकीण विधवा होती, म्हणून जमीन कुळाला मिळायलाच नको होती, असं त्यांचं म्हणणं. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, अपर आयुक्त, तिन्हीकडे मुदतीच्या मुद्द्यावर ते हरले. मग मंत्रालयात गेले आणि महसूलमंत्र्यांकडून ‘जैसे थे’ आणलं. आम्हाला नोटीस मिळाली ती त्यानंतर. तलाठ्याने इतर हक्कात शेरा मारला, सोसायटीने पीककर्ज अडवलं. आमदारांमार्फत आम्हीही निवेदन दिलं. त्यावर मंत्र्यांनी ‘तपासून योग्य ती कार्यवाही करावी’ असं लिहून सही केली, पण तहसीलदार तो कागद मानत नाहीत. मंत्री आमची जमीन काढून घेऊ शकतात का? आणि विहिरीचं कर्ज फेडायला अर्धा एकर विकायचं ठरलं होतं, ते करावं का?

उत्तर: तुमच्या पत्रात मंत्र्यांच्या दोन सह्या आहेत. एक स्थगितीच्या आदेशावर, दुसरी तुमच्या निवेदनावर. माणूस एकच, पण कायद्याच्या नजरेत या दोन सह्यांची जात वेगळी आहे. तुमचा निम्मा गोंधळ तिथेच आहे.

आधी निवेदनाचं. तहसीलदार तुम्हाला टाळत आहेत असं वाटत असेल, पण ते बरोबर वागत आहेत. निवेदनाच्या कोपऱ्यातला शेरा हा आदेश नसतो. बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल याच विषयावर आहे, आणि गंमत म्हणजे त्यातही महसूलमंत्रीच आहेत. पेप्सू (तेव्हाचं पतियाळा व पूर्व पंजाब) राज्यातल्या चकबंदी (जमीन एकत्रीकरण) खात्याच्या एका अधिकाऱ्याला बडतर्फ केलं होतं. त्याने सरकारकडे अपील केलं. महसूलमंत्र्यांनी फाइलवर लिहिलं की बडतर्फी नको, मूळ पदावर परत पाठवा. हे लिहिलेलं त्याला कळवलं मात्र गेलं नाही. मधल्या काळात पेप्सू पंजाबात विलीन झालं, फाइल तिकडच्या मुख्यमंत्र्यांकडे गेली आणि त्यांनी बडतर्फी कायम केली. न्यायालयाने सांगितलं, राज्यपालांच्या नावाने रीतसर आदेश निघून संबंधिताला कळवला जात नाही तोवर फाइलवरचं लिखाण हे फक्त लिखाण. फाइलीवरच्या मजकुराची ही गत, तर निवेदनाच्या समासातल्या शेऱ्याला काय धरून बसायचं?

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. उद्या समोरच्यांनी असाच एखादा शेरा किंवा मंत्रालयातून आलेला फोन पुढे करून तलाठी-तहसीलदारांवर दबाव आणला, तर तोही कायद्यात टिकत नाही. अंधेरीत चित्रपटगृह बांधायला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली होती आणि सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली. १९५१ साली गोरधनदास भानजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं ग्राह्य धरलं नाही. अधिकार आयुक्तांचा, तर डोकंही आयुक्तांनीच चालवायला हवं होतं. म्हणून तुमच्या अर्जावर तहसीलदार ‘वरून आलंय’ म्हणाले, तर कोणत्या कलमाखाली आलंय ते लेखी मागा.

आता खऱ्या आदेशाकडे वळू. जमीन सुधारणेत मंत्र्यांचं मोठं काम धोरणाचं आणि कायदा करून घेण्याचं. १९५० च्या दशकात ‘कसेल त्याची जमीन’ प्रत्यक्षात आली, तेव्हा मुंबई राज्याचे महसूलमंत्री असलेल्या भाऊसाहेब हिऱ्यांचं नाव आजही कूळ कायद्याशी जोडलं जातं ते यामुळेच. पण कायदा एकदा झाला की कोणती जमीन कोणाची हे ठरवण्याची साखळी त्या कायद्यातच घालून दिलेली असते. आणि १९४८ च्या कूळ कायद्याच्या साखळीत मंत्री नाहीत. खरेदीची किंमत कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरण ठरवतं, ३२म चं प्रमाणपत्र तेच देतं, कलम ७४ खाली अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि कलम ७६ खाली पुनरीक्षण (खालच्या निर्णयाची फेरतपासणी) महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे. तिथून पुढे उच्च न्यायालय.

मग मंत्री तुमच्या प्रकरणात आले कुठून? जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५७ मधून. त्या कलमाने कनिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश कायदेशीर आणि योग्य आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे, आणि शासनाच्या कामकाज वाटपात तो महसूल खात्याकडे येतो. म्हणजे त्यांच्यापुढे विषय आहे फेरफाराचा. फेरफार महसूल वसुलीच्या सोयीसाठी असतो, त्याने मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. तुमची मालकी ३२म च्या प्रमाणपत्रातून आली आहे, आणि झालेल्या खरेदीचा तो कायद्याने निर्णायक पुरावा आहे. फेरफार रद्द करून ते प्रमाणपत्र मंत्र्यांना पुसता येत नाही.

अजून एक मुद्दा, आणि माझ्या मते तुमचं सगळ्यात भक्कम हत्यार हेच आहे. खालच्या तिन्ही ठिकाणी निर्णय फक्त विलंबाचा झाला आहे. तेव्हा पुनरीक्षणातही प्रश्न एवढाच उरतो, की विलंब माफ न करणं चूक होतं का. फार तर विलंब माफ करून प्रकरण प्रांतांकडे परत पाठवता येईल. मालकीण विधवा होती की नाही, यात शिरायचं मंत्र्यांना कारणच नाही. आणि विलंब किती, तर जवळपास आयुष्यभराचा! १९६९ च्या राघव नाथा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कलमात मुदत लिहिलेली नसली तरी पुनरीक्षणाचा अधिकार वाजवी काळातच वापरावा लागतो. तिथे आयुक्तांना वर्षभराहून थोडा जास्त वेळ लागला होता आणि तोही चालला नाही.

तरी निर्धास्त राहू नका. विधवा, अज्ञान किंवा शारीरिक-मानसिक दृष्ट्या अपंग मालकाच्या बाबतीत कलम ३२फ खाली कृषक दिन (कूळ जमिनीचा मालक ठरण्याचा दिवस, एरवी १ एप्रिल १९५७) खरोखरच पुढे जातो. समोरचे उद्या विलंब माफीचा अर्ज घेऊन कलम ७४ खाली प्रमाणपत्रावरच अपील करू शकतील. त्यासाठी ३२ग च्या मूळ प्रकरणाच्या नकला आजच तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. मालकिणीला नोटीस गेली होती का, तिचा जबाब आहे का, किंमत कोणी उचलली, हे त्यात दिसेल. तिने किंवा तिच्या वारसांनी हप्ते घेतल्याची पावती निघाली, तर त्या एका कागदाचं मोल माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त.

‘जैसे थे’ ला लोक उगाच घाबरतात. त्या तारखेला सातबाऱ्याला नाव तुमचं, वहिवाट तुमची, म्हणजे तेच तसंच ठेवायचं. हा आदेश समोरच्यांनाही बांधतो. ते बांधावर आले तर हाच कागद दाखवा. सोसायटीचं काय करायचं ते मात्र आदेशाच्या नेमक्या शब्दांवर आहे. ‘हस्तांतरण व बोजा निर्माण करू नये’ असं लिहिलं असेल तर सचिवांचा नाइलाज आहे. नुसतं ‘जैसे थे’ असेल आणि तलाठ्याने शेऱ्यात आपल्या पदरचे शब्द घातले असतील, तर आदेशाची प्रमाणित प्रत जोडून शेरा दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे द्या. असं वरचेवर घडतं.

पुढच्या तारखेला वकीलपत्र दाखल करा, सोबत लेखी म्हणणं आणि स्थगिती उठवण्याचा अर्ज. पहिला परिच्छेद अधिकाराचा, दुसरा विलंबाचा, बाकी नंतर. कलम २५७ चं परंतुक स्पष्ट आहे: खाजगी व्यक्तींमधल्या हक्काला बाधा आणणारा आदेश दोघांनाही ऐकल्याशिवाय फिरवता येत नाही. रोजनाम्यात (सुनावणीच्या रोजच्या नोंदीत) तुमची हजेरी लागली आहे का ते तिथेच पाहून घ्या. युक्तिवाद ज्यांच्यापुढे झाला, निकाल त्यांनीच द्यायचा. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच गैर ठरवलं आहे. निकालाआधी खातेबदल झाला तर फेरसुनावणी मागा. स्थगिती उठवण्याचा अर्ज तारखेमागून तारीख पडून राहिला, तर थेट उच्च न्यायालयात रिट करता येतं. कोणी ‘पीए ओळखीचे आहेत, काम करून देतो’ म्हणत असेल तर ते पैसे रिटच्या खर्चासाठी बाजूला ठेवा.

अर्धा एकर विकण्याचं सध्या थांबवा. कुळाने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट (जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकायची नाही) आहेच. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीसपट नजराणा भरून जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. ती वाट तुम्हाला मोकळी आहे, पण स्थगिती चालू असताना दस्त केला तर आदेशभंगाचा आरोप अंगावर येईल आणि घेणारा माणूसही दाव्यात ओढला जाईल. विहिरीच्या कर्जाला मुदतवाढ मागा, त्या अर्जाला स्थगितीच्या आदेशाची प्रत जोडा. इसार घेऊन ठेवला असेल तर तो परत करताना लेखी पावती घ्या.