‘पोलीस रिपोर्ट’ मागताना नेमका कोणता कागद मागायचा

ताई, तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांनी दोनदा ११२ ला फोन केला, पोलीस घरी आले, नंतर तुम्ही ठाण्यात जाऊन सही करून आलात. आता वकील ‘पोलीस रिपोर्ट आणा’ म्हणतात आणि ठाण्यात ‘प्रत मिळत नाही’ असं सांगतात. आधी एक गोष्ट: नवरा अजून त्याच घरात असेल, तर कागदासाठी एकट्या जाऊ नका आणि त्याच्या हाती लागेल अशा मोबाइलमध्ये कागदांचे फोटो ठेवू नका.

‘पोलीस रिपोर्ट’ नावाचा एकच एक कागद ठाण्यात नसतो. म्हणून तुमची सही कशावर झाली, ते आधी विचारा. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) मिळाला असेल तर तो एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे त्याची प्रत फिर्यादीला किंवा पीडितेला ताबडतोब आणि मोफत द्यायची असते. तिथे ‘मिळत नाही’ हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’मध्ये जिल्हा, ठाणं, तारीख टाकून शोधता येतं. मात्र लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत, तेव्हा दिसलं नाही म्हणजे नोंदलंच नाही असं समजू नका.

‘एनसी’ म्हणाले असतील, तर ती अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची नोंद. मारहाण, शिवीगाळ, धमकी एवढंच लिहून घेतलं की बहुतेक वेळा एनसीच होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. तीही प्रत मागून घ्या. तारीख, वेळ आणि तक्रारीचा आशय दाखवायला ती कोर्टात कामी येते. पण छळ सततचा असेल, दुखापत झाली असेल, तर ते सगळं जबाबात यायला हवं. नवरा किंवा सासरच्यांकडून क्रूरता हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या ४९८-अ चा गुन्हा, आणि पत्नीने स्वतः माहिती दिली की तो दखलपात्र ठरतो, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो. जबाब वाचल्याशिवाय सही नको. आधीच झाली असेल आणि काही राहून गेलं असेल, तर पुरवणी जबाब द्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. तुमच्याकडून साधा ‘अर्ज’ घेतात, दोघांना बोलावून समजूत घालतात आणि अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणजे पुढे काही न करता बंद होतो. एफआयआर नाही, एनसी नाही; हातात काहीच नाही. अशा वेळी अर्जाचा आवक क्रमांक आणि त्यावर काय कारवाई झाली, हे लेखी मागायचं.

मागणीचा अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो. प्रति, प्रभारी अधिकारी, ठाण्याचं नाव. घटनांच्या तारखा आणि अंदाजे वेळा. ११२ ला फोन गेला तो नंबर आणि वेळ. घरी आलेल्या अंमलदारांचं नाव, माहीत असेल तर. खाली स्पष्ट मागणी: एफआयआर किंवा एनसीची सही-शिक्क्याची प्रत, ११२ च्या दोन्ही कॉलवर झालेल्या कारवाईची माहिती आणि स्टेशन डायरीतल्या (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतल्या) नोंदींचे क्रमांक. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा.

गुन्हाच नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांना, लेखी पाठवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस, जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास. तसं अर्जात ठळक लिहा. तपास चालू असल्याचं कारण देऊन काही कागद नाकारतात, म्हणून ही वाट पहिली धरू नका.

दवाखान्यात गेला असाल तर केसपेपर आणि एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय नोंद) क्रमांक आजच मागून ठेवा. जखमा भरतात, तारखा विसरतात.

आणि वकिलांना हे जरूर विचारा: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्याचा कलम १२ चा अर्ज पोलिसांच्या कागदाशिवायही करता येतो. तालुक्याचे संरक्षण अधिकारी नमुना १ मध्ये घरगुती घटना अहवाल तयार करतात. तोही दरवेळी सक्तीचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. संरक्षण आदेश मागायचा असेल तर एफआयआरच्या प्रतीसाठी महिनोन्महिने थांबू नका. वाट सापडत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, किंवा पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, महिला व बालकांसाठीच्या विशेष सहाय्य कक्षात जा.

शेवटचं, पण दुर्लक्ष करू नका. एफआयआर आणि पुढे दोषारोपपत्राची प्रत आरोपीलाही मिळते. तुम्ही वेगळीकडे राहात असाल तर तिथला पत्ता आणि नवा मोबाइल नंबर जबाबात किंवा अर्जात सहज लिहून जाऊ नका. पत्रव्यवहारासाठी वकिलांचा किंवा नवऱ्याला आधीच ठाऊक असलेला माहेरचा पत्ता द्या, आणि सध्याचा पत्ता गुप्त ठेवावा अशी विनंती तपासी अंमलदारांना लेखी करून तिचीही पोच घ्या.