गिधाडांची संख्या कशी घटते-वाढते याचं मॉडेल करतेयस, तर एवढं ऐक

डायक्लोफिनॅक म्हणजे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक; ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाड मरतं. त्याचा डोस आणि मृत्यूचं प्रमाण हातात आलं की मॉडेल झालं, असं मलाही वाटायचं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड विणीच्या हंगामात एकच अंडं घालतं, वयात यायला साधारण पाच वर्षं घेतं. म्हणून प्रौढांच्या जगण्याचा दर जरा घसरला तरी संख्या कोसळते. शंभरात एखादं जनावर विषारी निघालं तरी पुरे.

आता बाहेरचे घटक. मेलेली जनावरं कमी पडली की पिल्लं उपाशी राहतात, शिवाय एकाच जनावरावर जास्त पक्षी तुटून पडतात. ते विषारी असेल तर थवाच जातो. त्यामुळे खाद्य आणि विष यांची नुसती बेरीज करू नकोस. जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने घुसलं. तसलं वादळ सरासरीत मिसळायचं नाही, क्वचित येणारी आपत्ती म्हणून वेगळं घालायचं.

इथे मात्र सगळेच घसरतात (मी दोनदा): रानात मोजलेल्या जगण्याच्या दरात उपासमार, विजेच्या तारा आधीच आलेल्या असतात. त्या परत वजा केल्यास तर दुहेरी हिशेब होतो.

आणि जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली म्हणून विष एकदम शून्यावर आणू नकोस. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून तर २०१५ मध्ये कुपीचा आकार कमी करावा लागला. उतार हळूहळू दाखव.