बेस घेऊन लंडनला येण्याआधी

तुझा मेसेज दोनदा वाचला. वय २६, पुण्यात आयटीतली नोकरी, सहा वर्षं हार्ड रॉक बँडमध्ये बेस गिटार. आता नोकरी सोडून लंडनला संगीताचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचा, शिकताना पबमध्ये वाजवून खर्च भागवायचा आणि पुढे मोठा बँड गाठायचा, असं ठरवलंयस. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा बेसिस्ट क्लिफ विल्यम्स तुझा देव. "दादा, जमेल का?" असं विचारलंयस.

यायला जमेल. पण तू आखलेल्या वाटेने आलास तर इथे येऊन वाजवताच येणार नाही. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणाच्या स्टुडंट व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं, हे तू बरोबर वाचलंयस. त्याखालची ओळ मात्र तुझ्या नजरेतून सुटली. या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, आणि व्यावसायिक कलाकार म्हणून कामही करता येत नाही. दुकानात कॅश काउंटरवर उभं राहता येईल, पबमध्ये पैसे घेऊन बेस वाजवता येणार नाही. "रोख घेतले तर कुणाला कळतंय" असं सांगणारे इथे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस, कारण व्हिसा तुझा जाईल, त्यांचा नाही.

दुसरं, डिप्लोमा करू नकोस. शिक्षण संपल्यावर राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा इथली पदवी किंवा त्यावरचं शिक्षण पूर्ण केलं तरच मिळतो. त्या व्हिसावर मात्र तू स्वतःच्या नावावर वाजवू शकतोस, केलेल्या कामाची बिलं देऊ शकतोस, शिकवण्या घेऊ शकतोस. बेसवाल्याला खरं तर हाच काळ हवा असतो. आज तो २ वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. म्हणून मास्टर्सला प्रवेश घे, आणि संस्थेकडे परदेशी विद्यार्थी घ्यायचा परवाना आहे ना, हे फी भरण्याआधी तपास. लंडनसाठी राहण्याखाण्याचे दरमहा १,५२९ पौंड, असे ९ महिन्यांचे, सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा. कर्ज काढून येणार असशील तर हप्ता कधी सुरू होतो ते आईबाबांसमोर बसून कागदावर मांड.

आता तुझ्या देवाबद्दल, कारण त्याच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. जन्म १९४९, लंडनला लागून असलेल्या रॉमफर्डचा, वाढला लिव्हरपूलजवळ हॉयलेकला. १६व्या वर्षी शाळा सोडली. दिवसा कारखान्यात काम, रात्री बँड. मग लंडन गाठलं. तिथे रस्त्यावर झोपला, सुपरमार्केटमध्ये राबला, इमारती पाडणाऱ्यांकडेही काम केलं. १९७० मध्ये 'होम' नावाचा बँड उभा राहिला. तीन अल्बम आले, १९७१ मध्ये वेम्बलीला लेड झेपलिन या बड्या बँडच्या आधी वाजवायलाही मिळालं. तरी बँड फुटला. पुढच्या 'बँडिट'मध्ये तो एकाच अल्बमपुरता होता. १९७७ मध्ये एसी/डीसी नवा बेसिस्ट शोधत होते, तेव्हा हा २७ वर्षांचा होता आणि लंडनमध्येच होता. जुलैच्या अखेरीस तो त्यांच्याबरोबर टेक्सासमधल्या ऑस्टिनला, बँडच्या पहिल्या अमेरिकन कार्यक्रमात उभा होता.

एसी/डीसीही घर सोडून आलेल्यांचाच. तो उभा करणाऱ्या यंग भावांचं कुटुंब १९६३ मध्ये ग्लासगोहून सिडनीला गेलं, आणि ही मुलं १९७६ मध्ये बँड घेऊन उलट लंडनला आली. त्यांना नवा माणूस हवा होता तेव्हा हा हाकेच्या अंतरावर होता. वाजवणं चोख होतंच, शिवाय तो लगेच निघू शकत होता. मला तरी त्याच्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

लगेच निघता न येणं म्हणजे काय, ते मी सोसलंय. मी २००८ मध्ये कंपनीकडून आलो. कायमचं राहण्याची परवानगी मिळेपर्यंत पाच वर्षं पैसे घेऊन एकही कार्यक्रम केला नाही, फक्त भाड्याच्या खोलीत सराव. परवानगी मिळाल्यावर एका बँडमध्ये लागलो. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत तीन कार्यक्रम ठरले. पासपोर्ट भारतीय, त्यामुळे मला शेंगेन व्हिसा लागणार होता, बाकी तिघांना काहीच नको. व्हिसा वेळेत आला नाही. शुक्रवारी पहाटे साडेचारला व्हॅन माझ्या दारात आली ती माझा अँप (बेसचा अँप्लिफायर) न्यायला. बदली मुलाकडे स्वतःचा नव्हता. मी तो उचलून मागे ठेवला, पट्टा आवळला, दार लावलं. परत आल्यावर त्यांनी त्यालाच ठेवलं. त्यांचा राग नाही, त्यांना दर महिन्याला जाऊ शकणारा माणूस हवा होता. म्हणून सांगतो, कुठल्याही बँडला पहिल्याच भेटीत तुझे कागद काय आहेत ते स्पष्ट सांग आणि युरोपच्या तारखा तीन महिने आधी माग.

वाजवण्याबद्दल. तू पाठवलेल्या व्हिडिओत हात छान फिरतो, पण फार फिरतो. क्लिफ पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) घेऊन सरळ आठ ठोके धरायचा, ड्रमरच्या पायाखालच्या मोठ्या ड्रमला चिकटून. कोरसला माइकपाशी यायचा, गायचा आणि परत ड्रमजवळ जायचा. ऐकायला सोपं वाटतं. मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) लावून चार मिनिटं एकाच स्वरावर तसं वाजव आणि रेकॉर्डिंग ऐक, कुठे पळतोस ते कळेल. मी रोज वीस मिनिटं अजून तेच करतो. आणि गायला शीक. वरचा सूर धरणारा बेसिस्ट इथे हातोहात उचलला जातो. सुरुवातीला काम मिळेल ते ऐनवेळच्या बदलीचं. गुरुवारी फोन येतो, शनिवारी तीस गाणी.

गाडी चालव. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, तेवढ्यात इथली परीक्षा दे. पबमधल्या कार्यक्रमाचे पैसे चौघांत वाटून, पेट्रोल काढून एका जेवणापुरते उरतात. ज्याला गाडी चालवता येते त्याला आधी बोलावतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

बेस एकच आण, सवयीचा. स्पीकर कॅबिनेट बहुतेक ठिकाणी सामायिक असतं, अँपचं हेड (स्पीकर सोडून उरलेला अँप) आपलं लागतं, ते इथे जुनं घे. हिवाळ्यात घरात हीटर लागला की हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. माझ्या पहिल्या डिसेंबरात फ्रेटची टोकं बोटांना बोचायला लागली, बेसची मान मागे वाकली आणि तारा खडखडू लागल्या. ट्रस रॉडची (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) किल्ली बॅगेत ठेव आणि तो स्वतः पिळायला पुण्यातच शीक. कानाचे प्लग आजपासून वापर. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, ती आता जाणार नाही.

एकटं वाटेल. मी डोंबिवलीहून लोकल पकडून मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला जाणाऱ्या पोरांतला. इथे आल्यावर तसं कुणी भेटायला दोन वर्षं गेली. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. गणपतीत जा. रॉकवाले तिथे फार नसतील, पण खोली भाड्याने देणारे, आजारपणात डबा आणणारे तिथेच भेटतात.

नोकरीचा राजीनामा अजून देऊ नकोस, प्रवेशाचं पत्र हातात येऊ दे. मी डिसेंबरात तीन आठवडे डोंबिवलीला आहे. एक दिवस पुण्याला येतो. तीस गाण्यांची यादी पाठवतोय, तोवर वीस तरी बसव. तुझ्या ड्रमरलाही बोलाव.