चित्रपुस्तकांतल्या खोल्या : वाचकांचे प्रश्न

मुलांच्या चित्रपुस्तकांवरून जुन्या धाटणीची घरसजावट करता येईल का, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : कार्ल लार्सन या स्वीडिश चित्रकाराने रंगवलेल्या घराची चित्रे मला फार आवडतात. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तसे वातावरण आणण्यासाठी पांढऱ्या भिंती आणि पांढरे फर्निचर केले. पण हॉल दवाखान्यासारखा दिसतो. काय चुकले?

उत्तर : लार्सनने रंगवलेले घर काल्पनिक नव्हते. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातल्या सुंदबॉर्न गावी ते आजही उभे असून लोकांना पाहता येते. लार्सनची पत्नी कारीन हिच्या वडिलांनी 1888 मध्ये ते या दांपत्याला दिले, आणि त्याच घराच्या जलरंगचित्रांचे ‘एट हेम’ हे पुस्तक 1899 मध्ये निघाले. काटेकोरपणे पाहिले तर ते बालपुस्तक नव्हे. मात्र अंगणात आणि जेवणाच्या टेबलाभोवती वावरणारी मुले त्यात इतकी आहेत की पुढे ते मुलांच्या कपाटात जाऊन बसले, यात नवल नाही. या चित्रांतल्या ज्या गोष्टींवर आपला जीव जडतो त्यांपैकी बऱ्याच, म्हणजे विणलेले पडदे, भरतकाम आणि काही फर्निचरसुद्धा, कारीनच्या कल्पनेतून आलेल्या आहेत, आणि त्याचे श्रेय तिला उशिराच मिळाले.

आता तुमच्या हॉलकडे वळू. ते घर पांढरे आहे हा समज चित्रांवरून होतो. प्रत्यक्षात तिथल्या जेवणघराचे लाकूडकाम लाल आणि हिरव्या रंगात आहे. जलरंगात उजेड दाखवायचा असेल तर कागद कोरा सोडावा लागतो, आणि त्या कोऱ्या कागदाला आपण भिंतीचा रंग मानून बसतो. शिवाय लार्सन प्रत्येक वस्तूला बारीक, गडद बाह्यरेषा देतो, म्हणून त्याच्या चित्रात फिकी खुर्ची फिक्या भिंतीपुढेही उठून दिसते. तुमच्या हॉलमध्ये ती रेषा कोणी काढलेली नाही, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरे विरून जाते. ती रेषा रंगाने आणावी लागेल : दाराची चौकट, खिडकीची चौकट आणि भिंतीच्या तळाची पट्टी गडद हिरवी किंवा विटकरी करा.

दुसरा फरक उजेडाचा आहे. सुंदबॉर्न 60 अंश उत्तर अक्षांशाच्याही किंचित वर आहे. तिथे ऊन तिरके आणि मंद येते, आणि पांढरा रंग ते जपून खोलीभर पसरवतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तोच पांढरा डोळ्यांत खुपतो. म्हणून भिंतींना चुन्याच्या जवळ जाणारा, किंचित पिवळसर आणि चकाकी नसलेला रंग द्यावा. गुळगुळीत टाइल्सची चमक सतरंजीने झाकावी. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या विणून केलेली असेल तर फारच उत्तम, कारण लार्सनच्या जमिनीवरच्या पट्टेदार गालिचांची जात तीच आहे. फर्निचर पुन्हा रंगवण्याची घाई करू नका. आधी चौकटी रंगवून महिनाभर पाहा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याच्या घरात राहतो. मुलीला बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीच्या प्राण्यांच्या गोष्टींतली स्वयंपाकघरे आवडतात. भिंतीला खिळा मारण्याची परवानगी नाही, तर काय करता येईल?

उत्तर : शक्य झाले तर मुलीला घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधले निअर सॉरी हे गाव गाठा. पॉटरबाईंनी 1905 मध्ये तिथे हिल टॉप नावाचे शेतघर विकत घेतले आणि 1907-08 च्या सुमाराच्या गोष्टींत त्याचा जिना, चूल, उंच उभे घड्याळ आणि फळ्यांचे कपाट जवळजवळ आहे तसे उतरवले. आज ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे, त्यामुळे पुस्तक हातात धरून चित्र आणि खोली ताडून पाहता येते.

त्या चित्रांचे मर्म नजरेच्या उंचीत आहे. पात्रे मांजरे आणि उंदीर असल्यामुळे आपण खोली जमिनीपासून हातभर उंचीवरून पाहतो. जमिनीवर बसून त्या उंचीवरून स्वतःच्या खोलीचा फोटो काढा, म्हणजे कपाटाचे पाय, खुर्चीखालची जागा आणि लोंबणाऱ्या वायरी दिसतील. सुधारणा तिथून सुरू करा. त्या कामाला खिळा लागत नाही. पुढची पायरी म्हणजे जमिनीवर उभे राहणारे, वर उघड्या फळ्या आणि खाली दारे असलेले कपाट. इंग्रजी घरात त्या फळ्यांवर चिनी मातीच्या बश्या उभ्या लावतात. तुम्ही भारतातून पितळी ताटे नेली असतील तर तीच लावा आणि रोज वापरा; पॉटरबाईंच्या स्वयंपाकघरात केवळ शोभेसाठी ठेवलेले असे फारसे काही सापडत नाही.

प्रश्न : ठाण्यात मुलाच्या खोलीला जुन्या चित्रपुस्तकाचा वॉलपेपर लावावा का?

उत्तर : कल्पनेला दीडशे वर्षांची परंपरा आहे. वॉल्टर क्रेन या इंग्रज चित्रकाराने मुलांसाठी स्वस्त रंगीत पुस्तके काढली आणि त्यांच्या पानापानांवर टाइल्स, पंखे, खुर्च्या, फुलदाण्या इतक्या हौसेने रेखाटल्या की मोठी माणसेही सजावटीसाठी ती चाळू लागली. मुलांच्या खोलीसाठी त्याचा पहिला वॉलपेपर 1875 मध्ये आला. पण ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर कागद लावला, तर मागे ओल धरून बुरशी येते, म्हणून मी तुम्हाला नको असेच सांगेन. क्रेनच्या चित्रांना असते तशी नक्षीची पट्टी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर स्टेन्सिलने रंगवा. ती पुसता येते, आणि मूल मोठे झाले की एका दिवसात बदलता येते.

प्रश्न : ‘गुडनाइट मून’मधली हिरवी खोली पाहून बेडरूम गडद हिरवी करावीशी वाटते, पण धीर होत नाही.

उत्तर : 1947 च्या या अमेरिकन पुस्तकात क्लेमंट हर्ड यांनी एकच खोली पुन्हा पुन्हा काढली आहे, आणि पाने उलटत जातो तसतसा तिच्यातला उजेड कमी होतो. हिरव्या भिंतींजवळ लाल जमीन आहे, म्हणून अंधारतानाही खोली उबदार राहते. तुम्हीही रंग दुकानातल्या पत्रिकेवरून न ठरवता मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन पाहा : सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गडद हिरवा निर्जीव दिसतो. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा लावा आणि चादर किंवा सतरंजी लाल घ्या. एवढे केल्यावरही मन धजत नसेल, तर पलंगामागची एकच भिंत पुरे.

प्रश्न : आईने जपलेली रशियन बालपुस्तकांची मराठी भाषांतरे आमच्याकडे आहेत. त्यांची पाने कापून फ्रेम केली तर बैठकीत शोभतील का?

उत्तर : शोभतील, पण कापू नका. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी छापलेली ही पुस्तके महाराष्ट्रात अगदी स्वस्तात मिळत. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि त्यांचा ओघही आटला, तेव्हा आज हातात आहेत त्या प्रती सांभाळणे श्रेयस्कर. पान स्कॅन करून घ्या : मूळ आकारात छापायचे असेल तर 300 डीपीआय (दर इंचातले ठिपके), दुप्पट करायचे असेल तर 600. ऑफसेट छपाईचे ठिपके मोठे होऊन जाळी दिसते. स्कॅनिंग करणाऱ्याला ती काढायला आधीच सांगा. प्रत जाड, चकाकी नसलेल्या कागदावर काढा आणि फ्रेममध्ये काच कागदाला टेकणार नाही असा माउंट घाला. ही प्रत फक्त घरातल्या भिंतीसाठी. छापून विकणे हा हक्कांचा वेगळा प्रश्न आहे.

मात्र फ्रेमपुरतेच थांबू नका, कारण रशियन चित्रांचे खरे देणे रचनेत आहे. इवान बिलिबिन लोककथेच्या चित्राभोवती रुंद नक्षीची चौकट घेई. तीच युक्ती साध्या पडद्याला रंगीत काठ लावून करता येते, आणि जुन्या इरकलीचा काठ त्यासाठी छान चालतो. युरी वास्नेत्सोव कित्येकदा पानभर एकच भरगच्च रंग पसरून त्यावर प्राणी उभे करी. तसा एकरंगी तुकडा, समजा हळदीच्या रंगाचा, फ्रेमच्या मागे भिंतीवर दिला, तर चार लहान चित्रेही एकत्र बांधली जातात. ऊन थेट पडते त्या भिंतीवर काहीही लावू नका, आणि मूळ पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्याऐवजी सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा.